कापत नाहीत, शिवतात

"वैजू, ह्याची धार वर का उडंना गं?"

सासूबाई न्हाणीत पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर माझा मंदार उताणा पडून ऊन पाण्याच्या सुखाने डोळे मिटत होता. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते आणि मला आधी हसूच आलं. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या चोळीवर मुतला नाही असा मुलगा तासगावात झाला नसेल. बायका ती तक्रार कौतुकानेच करतात. आमचे चिरंजीव मात्र सासूबाईंच्या पोटरीवरून गुपचूप खालच्या खाली सोडत होते.

"लाजरा असेल," मी म्हणाले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला उजेडाकडे वळवलं आणि वाकून पाहिलं. मग मीही पाहिलं. टोकाला भोक नव्हतं. ते खालच्या अंगाला, मध्यावर होतं. पुढची कातडी सगळी वरच्या बाजूला गोळा झाली होती आणि ते एवढंसं इंद्रिय खाली वाकलं होतं. इतके दिवस दुपटी बदलताना मी काय बघत होते कुणास ठाऊक.

मला वाटलं, आता त्या ओरडतील, कपाळ बडवतील. त्यांनी राहिलेलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं, उठून त्याला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गिऱ्हाणात काय केलंवतंस?"

आदल्या दिवाळीत सकाळी सकाळी सूर्यग्रहण होतं. मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. गरोदर बाईने ग्रहण पाळायचं म्हणजे चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, साधी कपड्याची घडीसुद्धा घालायची नाही. सरळ पडून राहायचं. सगळ्याच घरांत पाळायचे, पण आमच्याकडे फारच कडक. सासूबाईंनी विळी, सुऱ्या, सुया सगळं उचलून माळ्यावर टाकलं होतं. आमचं बांगड्यांचं दुकान, आम्ही कासार. दुकानातली कात्री तेवढी गल्ल्याखाली राहिली होती.

त्या सकाळी माझ्या पोटात नुसतं ढवळत होतं. गार दुधाचा घोट घेतला की थांबायचं. सासूबाई देवघरात जप करत होत्या. मी उठले, दुकानातून कात्री आणली आणि पातेल्यातल्या दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला. दूध प्यायले, कात्री जागेवर ठेवली आणि परत शहाण्यासारखी सरळ पडले.

खोटं बोलले असते तरी खपलं असतं, कुणी पाहिलंच नव्हतं. पण मूल हातात असताना मला खोटं सुचलं नाही.

"दुधाची पिशवी कापली," मी म्हणाले.

"कुठनं?"

"कोपऱ्यावर."

त्या मटकन पाटावर बसल्या. ओल्या पाटावर, लुगडं न सावरता. म्हणाल्या, "कुनाला बोलू नगंस." आणि नंतर त्यांनी मला एक शब्दही लागट सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं, मी भांडायला मोकळी झाले असते. तशी मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. पण त्या फक्त एवढंच करायच्या: सकाळी मी दुधाची पिशवी हातात घेतली की उठून यायच्या, ती माझ्या हातातून काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. मी कापती." रोज. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लस टोचायला नेलं तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी मंदारला पाहिलं आणि मिरजेला दाखवा म्हणाले, लहान मुलांचे सर्जन तिथे असतात, ऑपरेशनने होतं. मी घरी येऊन माझ्या नवऱ्याला, विलासला, सांगितलं. विलास माणूस चांगला, पण आईच्या शब्दापुढे त्याचा कणा म्हणजे ओली सुतळी. तो आईकडे बघत राहिला.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "कात्री लागली म्हनून पोर असं झालं. आता परत सुरी लावाया निघालासा? हाताला लागायचं न्हाई ते."

"अहो आई, मोठा झाल्यावर त्याला शाळेत मुलं—"

"लपवून ऱ्हाईल. ऱ्हात्यात मानसं."

मला तेव्हा ते नुसतं हेकटपणाचं बोलणं वाटलं. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. कशाचा उपयोग नव्हता, कारण आतून मलाही तेच वाटत होतं. मीच कापलं, आता परत कापायला मी कोणत्या तोंडाने सांगू? मंदार वर्षाचा झाला, भिंतीला धरून उभा राहायला लागला. त्याला मी कधी उघडा सोडला नाही. शेजारच्या बायकांची उघडी पोरं ओट्यावर खेळायची आणि माझं पोर भर उन्हाळ्यात चड्डीत घामेजलेलं असायचं.

हे सगळं घरातला आणखी एक माणूस ऐकत होता, ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझे थोरले दीर, श्रीरंगभाऊजी. चाळिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं आणि तिथे ते दिवसभर बसायचे. गावातल्या बायका त्यांच्याकडूनच बांगड्या भरून घ्यायच्या, कारण त्यांचा हात हलका; कितीही जाड हाडाची बाई असो, बांगडी फुटायची नाही आणि हात दुखायचा नाही. लग्न का केलं नाही, याची गावात बरीच कारणं होती. एक साखरपुडा झाला होता, तो त्यांनी स्वतः मोडला, एवढं नक्की. मी नवी नवरी असताना एकदा सगळ्यांसमोर चेष्टा केली होती, "भाऊजी, एवढ्या बायकांचे हात धरता, एकीचा तरी धरून ठेवायचा होतात!" सगळे हसले होते. तेही हसले होते. सासूबाई उठून आत गेल्या होत्या.

विलास एका जत्रेला दुकान लावायला गेला होता तेव्हाची गोष्ट. मी दुकानात चहा द्यायला गेले. तेवढी चेष्टा सोडली तर मोठ्या दिराशी आम्ही कामापुरतं बोलायचो, पदर सावरून. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "वैजयंती, उद्या सकाळी तयार राहा. मंदारला मिरजेला दाखवून आणू."

मी कपबशी खाली ठेवली. "पण आई?"

"आईला लस म्हणून सांगितलंय मी."

मिरजेच्या त्या दवाखान्यात बाकांवर सगळीकडे आयाच. डॉक्टर तरुण होते, चटपटीत. त्यांनी मंदारला झोपवलं, हात कोमट केले, तपासलं. "दोन्ही गोट्या खाली उतरल्यात, चांगलं आहे," ते म्हणाले. "लघवीची वाट टोकापर्यंत पोचलेली नाही, मध्येच उघडलीय. आणि थोडा बाक आहे. बाक सरळ करायचा, नळी पुढे न्यायची. ही वरची जास्तीची कातडी दिसते ना, तीच नळीला वापरतो आम्ही. कुणी काढायला सांगितली तरी काढायची नाही."

"मग उभं राहून..." माझं वाक्य पुढे जाईना.

"उभं राहून करेल. लग्न करेल, मुलं होतील. कधी कधी टाका सुटतो, पुन्हा थोडं करावं लागतं. पण वेळेत आणलंत." ते लिहायला लागले आणि भाऊजींकडे बघून म्हणाले, "तुम्ही वडील?"

"चुलता," भाऊजी म्हणाले.

"घरात आणखी कुणाला होतं का असं?"

"नाही," मी लगेच म्हणाले. आमच्या घरात कोण कशाला? ग्रहणात मी कापलं होतं. आणि ते आता सांगून टाकावं, असं मला एकदम वाटलं. "डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं. ग्रहणात मी पिशवी कापली होती. दुधाची."

डॉक्टर हसले, पण वाईट नाही हसले. "ग्रहणात पिशवी कापली तर दूध बाहेर येतं, बाई. दुसरं काही होत नाही. हे पोटात आपलं आपण घडतं, आणि कधी कधी घराण्यात असतं. म्हणून विचारलं."

"आहे," भाऊजी म्हणाले.

मी मान वळवली.

"मला आहे," ते म्हणाले. बांगडीचा भाव सांगावा तितक्या सरळ आवाजात. पण त्यांचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशन झालं होतं?"

"नाही."

"लग्न?"

"नाही."

मंदारने टेबलावरचा रबरी शिक्का उचलला, तो मी काढून घेतला. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुमचंही करता येईल अजून."

"आधी ह्याचं बघा," भाऊजी म्हणाले.

आम्ही बाहेर आलो आणि आवारातल्या कडुनिंबाखाली आल्यावर मला रडू फुटलं. हुंदके आवरेनात. आज इतक्या वर्षांनी ते रडणं आठवलं की मी शरमेने अर्धी होते, कारण ते दुःखाचं नव्हतं. मी सुटले होते. माझ्या कात्रीने काही झालं नव्हतं! आपण काही केलेलं नाही, आपण काही केलेलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात वाजत होतं. एका माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट नुकतीच माझ्यासमोर सांगून टाकली होती, आणि तो माणूस त्या वेळी माझ्या मनात कुठेच नव्हता.

भाऊजींनी मंदारला माझ्या कडेवरून घेतलं. इकडेतिकडे बघत ते अवघडून म्हणाले, "रडू नको. माझं काही अडलं नाही."

मी त्यांच्यासाठी रडतेय असं त्यांना वाटलं होतं. मी डोळे पुसले आणि तसंच वाटू दिलं.

एस.टी. स्टँडवर गाडीला वेळ होता. बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये पिशवी, पिशवीवर मंदार झोपलेला. मीच विचारलं, "आईंना माहीत आहे?"

"आईला नाही तर कुणाला?"

"मग त्या मला ग्रहण का म्हणाल्या? मला का—"

"तिला ते खरं वाटतं म्हणून." ते समोर लागलेल्या गाडीकडे बघत बोलत होते. "माझ्या वेळी पोटुशी असताना ग्रहण होतं. कोणी एक बाई घाईने बांगड्या भरायला आली. आईने बांगड्यांच्या गड्डीला बांधलेला दोरा दाताने तोडून तिला बांगड्या दिल्या. पुढे मी झालो, असा. मग तिने ते मनात धरलं."

मला त्या ओल्या पाटावर बसलेल्या सासूबाई दिसल्या.

"बाबांनी मला एकदा मिरजेला आणलं होतं," ते म्हणाले. "मंदारपेक्षा थोडा मोठा होतो म्हणे. तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, करता येईल. आईने पाय धरले बाबांचे. तोडल्यानं झालंय, आता कापाल तर पोर जाईल, म्हणाली. बाबांनी मला हे मरताना सांगितलं."

"आणि तुम्ही आईंना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?"

मला राग आला. त्यांच्यासाठी आला, माझ्यासाठीही आला. वर्षभर ती पिशवी रोज माझ्या हातातून काढून घेतली जात होती. "मी आज घरी गेल्या गेल्या सांगते," मी म्हणाले. "ग्रहणाने काही झालेलं नाही. तुमच्या वेळीही नाही, माझ्या वेळीही नाही. त्यांच्या डोक्यावरचंही उतरेल."

"उतरेल," भाऊजी म्हणाले. "आणि मग दुसरं चढेल."

मला कळलं नाही.

"ग्रहणानं झालं म्हणजे ते देवाच्या घरचं झालं, वैजयंती. त्यात तिचा एका दोऱ्याएवढा दोष. आणि नुसतं शिवून नीट होण्यासारखं होतं, हे कळलं तर?" ते मंदारच्या अंगावरचं दुपटं सारखं करत म्हणाले, "तर मग मला असा तिनं ठेवला. आता या वयात ती ते घेऊन कुठं जाईल?"

गाडी लागली, लोक धावले, आम्ही उठलो नाही.

"म्हणजे कात्रीचा दोष मी घ्यायचा," मी म्हणाले. "कायमचं."

"हो," ते म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "घेशील?"

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण थोड्या वेळापूर्वीचं माझं रडणं माझ्याच अंगाला चिकटून बसलं होतं. मी मान हलवली.

सासूबाईंना कसं राजी करायचं हे त्यांनीच ठरवलं. रात्रीच्या जेवणाआधी ते आईसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, मंदारला मिरजेला दाखवलं. लस नव्हती."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "कापनार?"

"कापत नाहीत, शिवतात. मी विचारलं."

"शप्पत घे."

"तुझी शपथ," भाऊजी म्हणाले. देवभोळा माणूस, आईची खोटी शपथ घेतली आणि ताटावर बसला. त्या दिवशी त्यांच्या घशाखाली फारसं उतरलं नाही, मी वाढत होते, मला दिसलं.

ऑपरेशन झालं. विलासला तार करून बोलावलं, तो हबकून आला आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर माझ्यापेक्षा जास्त रडला. मंदारला नळी घातली होती, ती त्याने ओढू नये म्हणून त्याचे हात धरून आम्ही आळीपाळीने बसायचो. पट्टी निघाली तेव्हा सगळं सुजलेलं, जांभळं, आणि मी मनात म्हटलं, वाटोळं झालं. डॉक्टर म्हणाले, थांबा, घाई करू नका. सूज हळूहळू उतरली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये इतकं चांगलं जमलं होतं. सासूबाई मात्र तिकडे बघायच्या नाहीत. नातवाला न्हाऊ घालायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

दुधाची पिशवी मात्र अजूनही त्याच कापायच्या. मी काही बोलत नव्हते. भाऊजी समोर असले तर पेपर तोंडासमोर धरायचे.

मंदार दोन वर्षांचा झाल्यानंतरची एक दुपार. रविवार असावा, दुकान बंद होतं. जेवणं झाली होती, मी ताटं उचलली होती. सगळे मागच्या पडवीत बसलो होतो. सासूबाई नव्या आलेल्या बांगड्यांतून फुटक्या निवडत होत्या, भाऊजी शेजारी बसून गड्ड्या बांधत होते, विलास लवंडला होता. मंदार अंगणात नागडा हिंडत होता. आता मी त्याला हौसेने नागडा सोडायचे, शेजारणींनी बघावं म्हणून मुद्दाम.

तो मोरीच्या कडेला गेला, विलासला बघून बघून शिकला होता तसे पाय फाकवून उभा राहिला, पोट पुढे काढलं आणि धार सोडली. ती सरळ, लखलखीत, मोरी ओलांडून पलीकडच्या भिंतीवर गेली. भिंतीवर एक सरडा होता, तो पळाला. विलास टाळ्या वाजवत उठला, "अरे शाब्बास रे पठ्ठ्या!" मी इतकी हसले की मला ठसका लागला. मंदारला कळेना एवढं काय झालं, पण कौतुक चाललंय म्हटल्यावर त्याने जोर करून आणखी थोडी सोडली.

हसणं ओसरल्यावर लक्षात आलं की सासूबाईंचे हात थांबलेत. त्या भिंतीवरच्या ओल्या डागाकडे बघत होत्या.

"एवढंच व्हतं व्हय गं?" त्या म्हणाल्या.

मी पदराने तोंड पुसलं.

"वैजू, एवढंच व्हतं?"

"नाही हो आई," मी म्हणाले. माझी जीभ चालते, ती तेव्हाही चालली. "फार अवघड असतं ते. दुर्बिणीतून टाके घालतात. मोठमोठ्या मशिनी लागल्या. अलीकडेच आल्यात म्हणे, परदेशातनं."

त्यांनी माझं ऐकलं की नाही देव जाणे. त्या भाऊजींकडे वळल्या. इतक्या वर्षांत या गोष्टीवर त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता, तो आता माझ्या आणि विलासच्या समोर होत होता. विलासला भाऊजींचं काहीच ठाऊक नव्हतं, तो बावळटासारखा एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता.

"तवा न्हवतं न्हवं रं हे?" सासूबाईंचा आवाज लहान पोरीसारखा आला. "तुज्या वक्ताला? न्हवतं न्हवं?"

भाऊजींनी हातातली गड्डी खाली ठेवली.

"नव्हतं, आई," ते म्हणाले. "हे आता आता निघालंय."

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. बिनलग्नाच्या, केस पिकायला लागलेल्या आपल्या मुलाकडे. ते नजर न चुकवता तसेच बसून होते. मला वाटतं, सासूबाईंना सगळं कळलं. तो का खोटं बोलतोय तेही कळलं. त्यांनी हात पुढे केला आणि त्याच्या पाठीवरून फिरवला, मूल निजवताना फिरवतात तसा, आणि विचारलं, "श्रीरंगा, जेवलास का रं?"

आम्ही सगळे आत्ताच एका पंगतीत जेवून उठलो होतो. भाऊजींच्या ताटात भाकरी सासूबाईंनी स्वतः वाढली होती.

"नाही," भाऊजी म्हणाले. "वाढ."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. मी मदतीला उठणार होते, भाऊजींनी हातानेच मला थांबवलं. आतून ताट मांडल्याचा आवाज आला. ते उठले, आत गेले, आणि पाटावर बसून सगळं जेवले.